बाकाच्या टोकाला बसलेली

आई,

तुझ्यावर माझा राग आहे, तिथूनच सुरू करते. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते, आता केसांना मेंदी लावायची वेळ आली, तरी तो गेलेला नाही. राग तुझ्या एका सवयीवर आहे. तुला काहीही झालं तरी तू त्याच्याआधी 'जरा' लावायचीस. तापानं फणफणलीस तरी जरा कणकण आहे, हात पोळला तरी जरा चटका बसला. बाबा रेल्वेत, बदली होऊन सोलापूरहून तेव्हाच्या मद्रासला आलेले. क्वार्टर्समधल्या बायकांशी तू हातवारे करून बोलायचीस आणि तुझं छान चालायचं, कारण स्वयंपाकघराला भाषा फारशी लागत नाही. हॉस्पिटलात मात्र लागते.

तो दिवस मला असा आठवतो. बाबा ड्युटीवर गेलेत. तू ओट्याला टेकून उभी आहेस, वाटीत हिंग कालवलेला आहे आणि स्वतःच्याच बेंबीभोवती बोटानं कडं काढते आहेस. कुणाचंही पोट दुखलं की तू हेच करायचीस, शेजारच्या मामींच्या नातवालासुद्धा. हिंग सगळेच लावतात, पण तुझं कडं कधी पुरं नसायचं. डाव्या अंगाला बोटभर जागा उघडी ठेवायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "अगं, दुखण्याला बाहेर पडायला वाट नको का?" त्या दिवशी दुखणं बाहेर पडलं नाही. मामींनी आपल्याला रिक्षात बसवून दिलं. हॉस्पिटलात नर्स मला विचारते, मी तुला विचारते. तू घामानं भिजलेली, ओठ पांढरे पडलेले, आणि म्हणतेस, "सांग त्यांना, जरा दुखतंय." मी शाळेत शिकलेल्या तमिळमध्ये तंतोतंत सांगते, "कोंजम वलिक्कुदु." शेजारी एक बाई 'अय्यो अम्मा' करत सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेते आहे, तिला आत नेतात. तुझ्याकडे बघून नर्स दुसरीला म्हणते, हिंदीवाली दिसते, गॅस असेल, इंजेक्शन देऊन घरी पाठव. त्यातलं 'हिंदी' तेवढं तुला कळलं. "आपण हिंदी नाही म्हणावं," तू मला म्हणालीस. जीव चालला होता आणि तुला तेवढंच दुरुस्त करून घ्यायचं होतं! दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस. आतडं फुटलं होतं, असं बाबांना नंतर कुणीतरी सांगितलं.

मी पुढं नर्स झाले, हे तुला कळलं असेलच. शहराच्या उत्तर टोकाला एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टी सांभाळते. तमिळ आता तोंडात इतकं बसलंय की भाजीवालीला मी इथलीच वाटते. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांमधले कामगार आमच्याकडे येतात. कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा, कुणी आसामचा, पण इथं सगळ्यांना एकच नाव, हिंदीकारन. त्यांतल्या कित्येकांना हिंदी धड बोलता येत नाही. पोट धरून येतात आणि बाकावर गप्प बसून राहतात. आमची माणसं वाईट नाहीत गं. गर्दी असते. जो बोलतो त्याचं ऐकलं जातं, आणि ज्याच्यामागे भांडायला चार नातेवाईक उभे असतात त्याचं तर सगळ्यात आधी. उरलेल्यांचं निदान दारातच होऊन जातं, दारू, गुटखा, बाहेरचं खाणं, गॅस. छातीत दुखतं म्हटलं तर निदान मशीन तरी लावतात. पोट दुखणाऱ्याला ते शब्दांनीच पटवून द्यावं लागतं.

त्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला कुणी बसत नाही, हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. कितीही गर्दी असो, माणसं उभी राहतील, पण ती जागा रिकामी. आमची झाडणारी अम्मा बाक पुसत येते आणि तेवढी जागा सोडून पुढं जाते. का म्हणून विचारलं तर तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "अंगे आळ इरुक्कु, अक्का," म्हणाली. तिथं माणूस आहे ना! मी हसले. नंतर कुणी बघत नाही असं पाहून तिथं हात ठेवला. वरून एसीचा झोत येत होता, बाकीचा बाक गारठलेला होता, आणि ती जागा कोमट होती.

मग गेल्या महिन्यात, भर दुपारी, हिंगाचा वास आला. कॅज्युअल्टीत फिनेलचा वास येतो, रक्ताचा येतो, हिंगाचा कशाला येईल? वासाच्या मागानं गेले तर त्या टोकाशेजारी तिशीतला एक ओडिया माणूस वाकून बसला होता. त्याला इंजेक्शन देऊन झालं होतं, हातात गोळ्यांची पट्टी होती, आणि वॉचमन त्याला ऊठ म्हणत होता. तो उठत नव्हता. मी त्याचा शर्ट वर केला. बेंबीभोवती हिंगाचं कडं होतं, अजून ओलं. डाव्या अंगाला बोटभर जागा उघडी. पोटाला हात लावला तर ते पोळपाटासारखं कडक. "ये किसने लगाया?" मी विचारलं. त्यानं डोळ्यांनीच शेजारची रिकामी जागा दाखवली. "माँ ने," म्हणाला. आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "आपकी है ना?"

मी बाजूला बघितलं नाही. तडक डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा. पोट कडक आहे, एक्सरे काढू या, मी सांगितलं. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "इंजेक्शन पोट्टाच्चु, सिस्टर. गॅस दान." इंजेक्शन दिलंय, गॅसच आहे. मी म्हटलं, एकदा हात तरी लावून बघा. बघतो म्हणाला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सार, एन तंबी." माझा धाकटा भाऊ आहे तो.

डॉक्टर ताडकन उठला. "आधी नाही का सांगायचं, सिस्टर?" मग स्ट्रेचर आलं, तो स्वतः ढकलत निघाला. एक्सरेत नको तिथं हवा दिसली, म्हणजे जठराला भोक पडलेलं. अंधार पडायच्या आत ऑपरेशन झालं आणि माणूस वाचला. आई, त्याचं पोट पाच मिनिटांपूर्वी तितकंच कडक होतं. फक्त ते माझ्या भावाचं नव्हतं. ह्या गोष्टीचा मला इतका संताप आला की मी लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या ढिगावर बुक्क्या मारल्या.

वॉर्डात सगळे अजून विचारतात, तंबी कसा आहे? ड्रेसिंग बदलताना मी त्याला त्या दुपारबद्दल विचारलं. वॉचमन जा म्हणत होता, मी गेलोही असतो, तो म्हणाला, पण माँनं मनगट सोडलंच नाही. त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर काही नव्हतं, पण तो ते दुसऱ्या हातानं चोळत राहिला. ती काय म्हणत होती? भाषा कळत नव्हती, पण एकच शब्द परत परत म्हणत होती, तो त्याच्या लक्षात राहिला होता. "सांग," त्यानं म्हणून दाखवलं. त्याला वाटत होतं की ती त्याला म्हणत होती. मला तसं वाटत नाही.

हे पत्र पाठवायचं नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे. घडी करून बाकाच्या त्या टोकाला ठेवलं तर तुला मिळेल, याची मला खात्री आहे. पण ठेवणार नाही, कारण एक गोष्ट तुझ्या कानावर जायला नको. त्या दुपारी बाकावर त्या ओडिया माणसाच्या पलीकडे आणखी एक जण बसला होता. तसाच कुठल्याशा कारखान्याचा शर्ट, तसाच पोट धरून, तसाच गप्प. स्ट्रेचर हललं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाकावरचं सगळं त्यानं ऐकलं होतं. पण एका दुपारी दोन-दोन भाऊ कुठून आणायचे? लोक हसले असते. मला लाज वाटली आणि मी स्ट्रेचरमागे निघून गेले. परत आले तर तो तिथं नव्हता. पुन्हा काही आला नाही. बरा झाला असेल.