माझ्याच घरावर माझीच बोली

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा (सत्तरी उलटली तरी तुझ्यापुढे धाकटाच) वाकून नमस्कार. वाकल्यावर उठायला आता खुर्ची धरावी लागते, म्हणून नमस्कार कागदावरच गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यावरच गेले आहेत. आईने आपल्याला वारसा म्हणून दिला तो हाच, आणि तोही दोघांत समान वाटून. कानाचं यंत्र वापरतेस ना? की अजून डब्यात ठेवून 'ऐकण्यासारखं आहे काय' असं विचारतेस?

तुला परवा एका मुलीचा फोन आला असेल. तिने मी घर विकत घेतोय असं सांगितलं असेल, आणि तू मला खुळ्यात काढलं असशील. ते घर माझंच आहे, ताई. आता हे कसं झालं ते नीट सांगतो. रागावायचं असेल तर शेवटी रागाव, मधेच पत्र टाकून देऊ नकोस.

घर विकायला काढलंय हे तुला माहीत आहे. चार जिने, लिफ्ट नाही, आणि भाजीची पिशवी वर पोचेपर्यंत त्यातली पालेभाजी माझ्यासारखीच सुकलेली असते. परदेशातल्या चिरंजीवांनी तिथूनच एक दलाल गाठून दिला. माणूस वाईट नाही, फक्त बोलताना माझ्याकडे न बघता भिंतींकडे बघतो. आल्या आल्या त्याने दोन हुकूम सोडले. पहिला, घरातले सगळे फोटो काढून ठेवा, गिऱ्हाइकाला तिथे स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे. दुसरा, गिऱ्हाईक यायच्या वेळी तुम्ही घरात थांबू नका, मालक समोर असला की लोक मोकळेपणाने नावं ठेवत नाहीत. मी म्हटलं, नावं ठेवलेली मला चालतील, तेवढंच कुणीतरी बोलेल. तो भिंतीकडे बघून हसला.

तेव्हापासून दर रविवारी मी माझ्याच घरातून हद्दपार. समोरच्या बागेत बाकावर बसायचं, आपल्या खिडकीत अनोळखी डोकी हलताना बघायची, आणि ती खाली उतरली की वर जायचं. (एकदा एका डोक्याने माझ्या खिडकीतून मला हात केला. मीही केला. बरं वाटलं.) मधल्या काळात दोन ऑफर येऊन गेल्या. एक दाताचा डॉक्टर होता. दुसऱ्याला इथे पुठ्ठ्याची खोकी ठेवायची होती. दोघांना मी नकार दिला. पहिली ऑफर नुसती सलामी असते, असं दलाल म्हणाला होता. दुसऱ्या वेळी चिरंजीव म्हणाले, बाजार चढतोय, थांबा. त्यानंतर दलाल म्हणाला, आता येईल ती घ्या. ऑफर नेमकी कधी स्वीकारायची हे जगात सगळ्यांना कळतं, ज्याचं घर असतं तो सोडून.

तर गेल्या रविवारी बागेत पोचलो आणि लक्षात आलं, चष्मा वरच राहिला. जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले, आणि स्वतःचा चष्मा विसरलो. पुन्हा चार जिने चढलो. दार उघडं होतं, आणि दारात दलालाची नवी मदतनीस उभी, कामाचा पहिलाच दिवस. मला बघून म्हणाली, "या आजोबा! तुमचीच वाट बघत होते. घर बघायला येणारे दुसरे तुम्हीच ना?"

आता इथे 'नाही' म्हणायला हवं होतं, कबूल. पण ताई, कुणीतरी माझी वाट बघत होतं. मी 'हो' म्हणालो.

आत एक जोडपं होतं. बायको इस्पितळात नर्स, नवरा मुलांना पोहायला शिकवणारा. तो कलिंगड घेताना वाजवून बघावं तशा भिंती वाजवत होता. मी त्यांच्या मागे मागे घर बघितलं. खरं सांगतो, नीट बघितलं. मधली खोली मी बऱ्याच दिवसांत उघडलीच नव्हती. मुलगी उत्साहाने सांगत होती, "मालक एकटेच असतात, एकाच खोलीत राहतात. त्यामुळे बाकीच्या फरश्या अगदी नव्यासारख्या आहेत." जोडप्याने फरशीकडे बघितलं, मीही बघितलं. खरंच नव्यासारख्या आहेत. ही होती तेव्हा त्या फरश्यांवर पाय ठेवायला जागा नसायची.

मग पोहणारा म्हणाला, स्वयंपाकघर अंधारं आहे. मला राग आला. सकाळी तिथे ऊन येतं, ओट्याच्या कडेपर्यंत येतं, हे मी त्याला सुनावलं. त्याने संशयाने विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हटलं, अंदाज. मग तो बायकोला हळूच (म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं) म्हणाला, "म्हातारा एकटा आहे, कंटाळलेला असणार. कमी सांगू, देऊन टाकेल." आणि त्याने एक आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता, ताई, पण 'देऊन टाकेल' हे शब्द मला झोंबले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी याहून जास्त देतो."

नर्सबाईंचा चेहरा पडला. दोघं खिडकीशी गेली, कुजबुजली आणि आकडा वाढवून आली. मी पुन्हा वाढवला. का, ते विचारू नकोस. त्या घराला कुणीतरी हवंहवंसं म्हणतंय हे ऐकायला इतकं गोड वाटत होतं की म्हणणारा मीच आहे हे क्षणभर विसरलो. मुलीने आनंदाने सगळं लिहून घेतलं आणि माझा फोन नंबर विचारला. आता पंचाईत आली. मला तुझा एकटीचाच नंबर पाठ आहे. स्वतःचा नाही, स्वतःला फोन करायची वेळ अजून आलेली नाही. म्हणून तुझा दिला.

संध्याकाळी दलालाचा फोन. "साहेब, नशीब काढलंत! दोन ऑफर आल्यात. त्यातला एक म्हातारा तर घरावर नुसता फिदा आहे, त्याला अजून चढवू." चिरंजीवांना कळवलं. ते म्हणाले, बाबा, डोळे मिटून म्हाताऱ्याला द्या. मी म्हटलं, म्हातारा भरवशाचा वाटत नाही. ते म्हणाले, तुम्हाला कुणीच भरवशाचं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात नर्सबाई, एकट्याच, रात्रपाळी करून आलेल्या. मालकाला भेटून विनवणी करायची म्हणून परत आल्या होत्या. मला बघून त्या पायरीवर मटकन बसल्या. "तुम्ही इथे? म्हणजे झालं का तुमचं?" त्यांना वाटलं, मी घर घेऊन राहायलाही आलो. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सगळं खरं सांगितलं.

मग त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण आई असती तर म्हणाली असती, बरं झालं. नवऱ्याने रात्रीतच मोठ्या भावापुढे हात पसरले होते. "आमच्याविरुद्ध कुणी नव्हतंच?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "आणि घर एवढं आवडतं तर विकता कशाला?"

मी म्हटलं, "इथे बोलायला कुणी नाही हो."

माझ्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं असावं. मलाच ते जरा मोठ्याने ऐकू आलं. त्या उठल्या, मला न विचारता आत गेल्या आणि चहा टाकला. म्हणाल्या, ऊन खरंच येतं का ते बघायचंय. ऊन आलं होतं, ओट्याच्या कडेपर्यंत. चहा पिताना त्यांनी विचारलं की मधल्या खोलीचा आवाज शेजारी जातो का, कारण तिथे त्यांची आई राहणार, आणि ती दिवसभर मोठमोठ्याने गाणी म्हणते, बेसूर. मी म्हटलं, जातो, भिंतीपलीकडे स्पष्ट जातो. त्या खट्टू झाल्या. मी म्हटलं, जाऊ दे की, या घरातून केव्हाचा कुणाचा आवाज गेलेला नाही. घर तुमचं, आणि आकडा तुमचा पहिला.

अशी ऑफर स्वीकारली, ताई. दलाल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चिरंजीव म्हणाले, तुम्ही व्यवहाराला नालायक आहात. नालायक तर नालायक. काल जोडपं पडद्यांची मापं घ्यायला आलं तेव्हा टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. पोहणाऱ्याने माफी मागितली, मीही मागितली, आणि मग दोघांनी मिळून खिडकी पुन्हा मोजली.

माझी पुढची व्यवस्था चोख झाली आहे. गावाबाहेर ज्येष्ठ नागरिकांसाठी एक छान निवास आहे. बाग आहे, डॉक्टर आहे, जेवण वेळेवर. तरी माझी मुळीच काळजी करू नये. तब्येतीला जप. यंत्र कानात घाल.

तुझा,
धाकटा

ता. क. – ती व्यवस्था चोख वगैरे झालेली नाही. निवास बघून आलो. बागेत सगळे बाकांवर एकेकटे बसले होते. मी परत आलो.

ता. क. आणखी एक – त्या मुलीला मी नंतर खरं सांगून टाकलं. ती हसून हसून लोटपोट झाली. मग म्हणाली, "पण आजोबा, तुमच्या ताई फोनवर अर्धा तास बोलल्या हो! त्यांची मागची खोली केव्हाची रिकामी आहे, भाडेकरू मिळत नाही म्हणाल्या." अर्धा तास! माझ्याशी तू तीन वाक्यांत फोन ठेवतेस. तर त्या खोलीसाठी ही माझी ऑफर समज. भाडं तू म्हणशील ते. मी घोरतो, पण तू यंत्र काढून झोपतेस. घाई करू नकोस, अजून कुणी चांगलं येत असेल तर वाट बघ.

ता. क. शेवटचा – फार वाट बघू नकोस. उत्तर 'नाही' असेल तर पत्राने कळव, पोचायला वेळ लागेल तेवढा बरा. 'हो' असेल तर फोन कर. पहिल्याच घंटीला उचलला तर हसू नकोस.