‘सात उंबरे’ मालिकेतील दोन हाकांबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, राजगड (वेल्हे), जि. पुणे

विषय : ‘सात उंबरे’ या भुताच्या मालिकेस आमच्या वस्तीवरील माहिती कोणी पुरविली, त्याचे नाव मिळणेबाबत.

संदर्भ : माझा दि. २ जूनचा अर्ज. (त्यात खरी गोष्ट लिहिली नव्हती, सबब तो रद्द समजावा.)

महोदय,

मी खाली सही करणार सावळाराम बाजी ढेबे, वय ६६, निवृत्त कोतवाल, राहणार धनगरवस्ती, मार्गासनीच्या वरचे पठार. दवंडी देणे व नोटिसा पोचविणे हे काम मी एकतीस वर्षे केले. एकही नोटीस परत आणली नाही.

१. मागील वर्षी एका खासगी वाहिनीची माणसे आमच्या वस्तीवर तीन दिवस राहिली. त्यातील चैत्राली नावाची मुलगी वही घेऊन घरोघर बसली. त्यावरून ही मालिका निघाली. सात भाग, सात घरांच्या सात गोष्टी. पण एका भागात जो माणूस नुसता दारावरून जातो, त्याचीच गोष्ट पुढे निघते. म्हणजे एक भाग पाहून सुटका नाही.

२. तिसऱ्या भागात एक मेंढपाळ धुक्यात बसला आहे. खालच्या ओढ्यातून बाई “बाळूऽ” अशी हाक मारते. दोनदाच. आमच्याकडे धुक्यातल्या हाकेला तिसऱ्या वेळेशिवाय ओ देत नाहीत. भूत दोनदाच हाक मारते असे मानतात. मेंढपाळ गप्प राहतो आणि वाचतो. येथवर माझी हरकत नाही. ही चाल पठारावर सर्वांना ठाऊक आहे.

३. पाचव्या भागात तीच हाक बाईच्या बाजूने दाखविली. ती भूत नसते. दरडीवरून पडून जायबंदी झालेली जिवंत बाई असते, आणि तिसऱ्या हाकेला तिच्यात बळ राहत नाही. हे पाहून माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. माझी भावजय सगुणाबाई, म्हणजे धाकटा बंधू कोंडिबा याची पत्नी, सन २००७ च्या श्रावणात वस्तीखालच्या ओढ्यात पडून गेली. पंचनाम्यात “पडताक्षणी मयत” असे आहे. सर्व वस्ती तसेच मानते. मग ती जिवंत होती, हे कंपनीला कोणी सांगितले?

४. मी चौकशी सुरू केली. प्रथम संशय शेजारच्या चंद्राबाईवर, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली, “म्या काय बी सांगितलं न्हाई. त्या पोरीनं शेळ्यांची नावं इचारली, ती तेवढी दिली.” मालिकेत एकाही शेळीचे नाव नाही, सबब तिला सोडले. मग मार्गासनीचा चहावाला धनाजी. तो त्या वर्षी येथे राहतच नव्हता. कोंडिबाचा मुलगा सूरज याचा मोबाईल घरातले बोलणे ऐकतो असे कळल्याने तो दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवला. माझ्या बोकडाच्या गळ्यातली घंटा वाहिनीच्या लोकांनी हातात घेऊन पाहिली होती, ती फोडली. आत काही निघाले नाही. मागील अर्जात मी त्या घंटेची सरकारी तपासणी मागितली होती. ती आता नको.

पुढील मजकुरास क्रमांक देत नाही.

ती हाक मी ऐकली होती. दुपारचे चार वाजले असतील. धुके एवढे, की पायाजवळची शेळी दिसत नव्हती. हाक आली, “सूरजऽ”. सूरज तेव्हा दहा वर्षांचा, भोरला वसतिगृहात. जो येथे नाही त्याला त्याची आई डोंगरात कशाला हाक मारील, हे तिच्या आवाजाचे सोंग आहे, असे मी धरले. आमच्यातल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, पोराच्या नावाने त्याला बोलावतात, हे त्या घटकेला माझ्या डोक्यात आले नाही. जन्म ज्या रीतीत गेला तीच विसरलो. दुसरी हाक आली. मी तिसरीची वाट पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी पंच म्हणून “पडताक्षणी” हा शब्द मीच सुचविला. त्याची मला लाज वाटते.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तरी मालिकेतली “बाळू” ही हाक बाईच्या पोराच्या नावाने आहे, दोनच आहेत, आणि बाई नवऱ्याला बोलावत होती, हेही आहे. म्हणजे त्या दुपारी दुसराही कोणी तरी ऐकत होता, आणि हाक कोणासाठी होती हे त्याला मागाहून तरी समजले. तिसऱ्या भागातला मेंढपाळ मीच, असे इतके दिवस वाटत होते. आता तसे वाटत नाही. चैत्राली तिन्ही दिवस कोंडिबाच्या ओसरीवर जेवली. पाचवा भाग लागला तेव्हा कोंडिबा मध्येच उठला आणि “लई गारठा हाय” म्हणून बाहेर गेला. तेव्हा वैशाख होता.

सबब विनंती, की कंपनीकडून माहिती देणाऱ्याचे नाव मागवावे. पंचनाम्याबाबत माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. नाव कोंडिबाचे निघाल्यास त्याच्यावर काही करू नये. ती गेल्यापासून अठरा वर्षे आम्ही दोघे एका चुलीवरचे खातो. मी त्याच्यापासून जे लपविले, तेच तो माझ्यापासून लपवीत असेल, तर मला कळावे. म्हणजे मीही ऐकले होते, एवढे त्याला सांगता येईल.

आपला नम्र व अद्याप घरात काही न बोललेला,

(सही)
सावळाराम बाजी ढेबे
दि. १६ जून २०२५