गाडीतली दहा मिनिटं

आई, तुझा पाट अजून माझ्याकडे आहे, इथे जयपूरला. त्यावर कुणी बसत नाही, मी डाळींचे डबे ठेवते. सूनबाई सीतापुऱ्याच्या ऑफिसातून संध्याकाळी परत यायची, गाडी खाली लावायची आणि दहा मिनिटं आतच बसून राहायची. मी गॅलरीतून बघायची. मागच्या आठवड्यात ती वर आल्या आल्या मी म्हटलं, “खाली कुणाची वाट बघत होतीस? चहाचं पार पाणी झालं.” ती ओशाळून हसली. “अहो आई, वाइंड डाउन करत होते.”

माझी शाळा सुटली तेव्हा तू आणून दिलेल्या डिक्शनरीवरच माझं सगळं इंग्रजी. तिच्यात हे दोन शब्द वेगवेगळे सापडले, पण जोडून अर्थ लागेना. शेवटी सूनबाईलाच विचारलं. “मतलब, आराम नव्हे हो,” ती म्हणाली. “आराम म्हणजे अंग टाकलं, झालं. हे त्याच्या आधीचं. दिवसभराचं डोक्यातून हळूहळू उतरू द्यायचं. ‘आय नीड टू वाइंड डाउन’ म्हणतात. घाईत नाही होत ते.”

आणि मला तू दिसलीस. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आलेली, पांढरी साडी तशीच, पिशवी मांडीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी या पाटावर बसलेली. स्टोव्ह पेटवलेला नाही. तू समोरच्या भिंतीकडे बघते आहेस आणि मी सोळा वर्षांची, कमरेवर हात ठेवून उभी. “अशी नुसती काय बसलीस? भूक लागलीय आम्हाला.” तू रागावली नाहीस. “हो गं, उठते,” म्हणालीस नि स्टोव्हला पंप मारायला लागलीस. त्यानंतर तू कामावरून येऊन कधी बसलेली मला आठवत नाही. त्या दिवशी वॉर्डात काय झालं होतं, कोण गेलं होतं, मी कधी विचारलंच नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा माझी चाहूल लागली की तू उठून बसायला बघायचीस.

हे कुठे पाठवू तुला? डिक्शनरीत घडी घालून ठेवते. एक सांगायचं राहिलं. मी तसं बोलल्यापासून सूनबाई गाडी लावते आणि थेट वर येते. चहा गरम असतो. ‘बस गं गाडीत, हवा तेवढा वेळ’, एवढंच तिला म्हणायचं आहे. रोज संध्याकाळी दार उघडते, आणि नुसता कप पुढे करते.