धिस-इज सरांच्या घराची आणि चित्रांची वाटणी

मी, खाली सही करणारा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार याच घरात, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण माझाच आहे, आणि हे लिहिताना माझ्या मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. उद्या कोणी दुसरा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा. 'डोकं ठिकाणावर आहे' हे इतर लोक रीत म्हणून लिहितात. मला ते शब्द मिळवावे लागले, म्हणून आधी त्याविषयी.

कलम १. शुद्धीविषयी.

नोकरीभर मी पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. कॅट, डॉग, कप, की. टेबलावर म्हणजे ऑन, टेबलाखाली म्हणजे अंडर, आणि ते डोक्यात शिरावं म्हणून पोरांना खरोखर टेबलाखाली बसवायचं. मोठ्या वर्गांचे शिक्षक हसायचे. मुलं मला 'धिस-इज सर' म्हणत, कारण माझ्या वर्गातला एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती: चित्र दाखवलं की सुटा शब्द चालणार नाही. नुसतं 'कप' म्हणणाऱ्याकडे मी ऐकूच आलं नाही असं बघायचो. 'धिस इज अ कप' असं सबंध वाक्य आलं की मगच मान हलवायचो.

गेल्या वर्षी मेंदूत गुठळी झाली आणि माझी वाचा गेली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई चित्रं घेऊन आल्या. पहिलं चित्र कपाचं. "काका, हे काय आहे?" कप दिसत होता, कळत होता, शब्द जिभेच्या टोकावर होता. पण चित्र समोर धरून कोणी 'हे काय' विचारलं की सबंध वाक्य द्यायचं, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. कपाच्या आधीचे शब्द काही केल्या येईनात आणि अर्धं उत्तर द्यायला मन धजेना. मी गप्प राहिलो. किल्ली आली, झाड आलं, मी गप्पच. बाईंनी लिहिलं की रुग्णाला वस्तू ओळखता येत नाहीत. माझा धाकटा भाऊ शेजारी उभा राहून ते वाचत होता.

थोड्याच दिवसांत त्याने कचेरीत अर्ज दिला: भाऊ शुद्धीवर नाही, त्याच्या घराचा कारभार माझ्याकडे द्यावा. बेत सरळ होता. घर विकायचं, मला एखाद्या संस्थेत ठेवायचं, आणि माझ्याकडे राहणाऱ्या आमच्या थोरल्या आक्काने नातेवाइकांकडे आलटूनपालटून राहायचं. हे सगळं माझ्या पलंगाशी उभं राहून ठरलं. बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही असं लोक का धरतात, देव जाणे. आक्का दारातून एवढंच म्हणाली, "माझी पिशवी भरायला काही वेळ लागणार नाही."

कलम २. घराविषयी.

हे घर, पुढची-मागची खोली, स्वयंपाकघर आणि गच्चीसकट, मी आक्काला पूर्ण मालकीने देत आहे. बांधलं मी, पण उभं राहिलंय ते तिच्यामुळे. तिने त्यात राहावं, ते भाड्याने द्यावं, नाहीतर पाडून कोबी लावावा. तिला 'किती दिवस मुक्काम' असं विचारायचा अधिकार कोणालाही राहणार नाही.

कलम ३. चित्रांविषयी.

माझ्याकडची चित्रांची पेटी, जनावरं, फळं, भांडी आणि घरातली माणसं मिळून, माझ्या वर्गावर आता शिकवणाऱ्या बाईंना द्यावी. त्यातून मेंढीचं चित्र मात्र वगळावं.

त्या मेंढीचा इतिहास असा. ती आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी काढली आणि ती कुत्र्यासारखी दिसते. पोरं दरवर्षी छातीठोकपणे 'डॉग' म्हणत आणि मी दरवर्षी 'शीप' म्हणून घसा कोरडा करी. मास्तरांना दुसरी काढून मागितली तर म्हणाले, "मेंढी अशीच असते. तुम्हाला नजर नाही." आमचं बोलणं तिथे तुटलं. हे चित्र त्यांनाच परत करायचं, तेही त्यांच्या सत्काराच्या दिवशी, असं मी ठरवून ठेवलं होतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आक्का रोज सकाळी ही पेटी घेऊन माझ्यासमोर बसू लागली. तिला इंग्रजी येत नाही. पुढच्या खोलीतली माझी शिकवणी भिंतीपलीकडून जेवढी कानावर पडली तेवढीच तिची विद्या, पण बोलणं बेधडक. एके दिवशी मेंढी हातात आली तशी ती म्हणाली, "डॉग." मी नकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "डॉग." मी पलंगावर हात आपटला. तिसऱ्या दिवशी ती चित्राकडे प्रेमाने बघत म्हणाली, "गुणी कुत्रा आहे. भुंकत पण नाही."

माझं टाळकं फिरलं. "धिस इज अ शीप," मी म्हणालो.

आक्काने चित्र खाली ठेवलं. "मग इतके दिवस सांगायला काय झालं होतं?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मी इकडे पोरासारखा रडलो, आणि रडताना एकेका वस्तूचं नाव घेत राहिलो. ती मुद्दाम चुकत होती का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

म्हणून मेंढी आक्काला. आणि चित्रकलेच्या मास्तरांना माझे मनापासून आभार कळवावेत. त्यांनी मेंढी चांगली काढली असती तर मी आजही मुका असतो.

पुढे कचेरीतून बोलावणं आलं. त्याच डॉक्टरबाई, तीच चित्रं. मी कपापासून झाडापर्यंत सगळी सबंध वाक्यात सांगितली. बाई हसल्या, "सर, मराठीत चाललं असतं." साहेबांनी अर्ज फेटाळला. आक्काचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी दुपारभर झोपलो, तशी झोप वर्षात लागली नव्हती. त्यानंतर धाकट्याने आमच्या घरी येणं सोडलं.

कलम ४. वस्तूंच्या पिशवीविषयी.

चमचा, कंगवा, चेंडू, कुलूप असलेली कापडी पिशवी, जिच्यात हात घालून पोरं वस्तू ओळखतात, तीही वर्गावरच्या बाईंनाच द्यावी. सोबत एक सूचना. गप्प बसलेल्या मुलाला येत नाही असं धरू नये. आणि सुटा शब्द आला तरी मान हलवावी. जुना नियम मी या कलमाने रद्द करत आहे.

कलम ५. जुन्या मुख्याध्यापकांविषयी.

त्यांनी माझा वर्ग जिन्याखालच्या खोलीत टाकला, 'एबीसी शिकवायला उजेड कशाला' असं म्हणून. त्यांना माझ्या टेबलावरचा दिवा द्यावा, बल्बासकट.

कलम ६. शिलकीविषयी.

बँकेतली शिल्लक अर्धी आक्काला व अर्धी धाकट्या भावाला. (हे कलम मी स्वतःच्या हाताने खोडलं आहे. सगळी शिल्लक आक्काला.)

कलम ७. वरील कलम का खोडलं.

भावाला वगळायचं माझ्या मनात नव्हतं. आज आक्काने त्यालाही बोलावून घेतलं होतं. वकील मसुदा वाचत होते तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. आपलं नाव ऐकलं तेव्हा त्याने वर पाहिलं. त्याला काही मिळेल असं वाटलं नसावं.

दुसरे साक्षीदार म्हणून येणारे शेजारचे शिंपी परगावी अडकल्याचा निरोप आला. भाऊ म्हणाला, "मी करतो सही."

वकील म्हणाले, "ज्याच्या नावाने काही ठेवलंय त्याने साक्षीदार होऊ नये. तुमचं कलम काढावं लागेल."

"काढा."

मी म्हणालो, "अरे, शिंपी उद्या येतील. घाई कसली आहे?"

तो माझ्याकडे न बघता बोलला, "दादा, तू शुद्धीवर नाहीस असं मी माझ्या हाताने लिहून दिलंय. आता आहेस हेही मलाच लिहू दे."

आक्काने त्याच्यापुढे पेन ठेवलं. मी कलम खोडलं. माझ्या मनात त्याच्याविषयी आता काही उरलेलं नाही, हेही या कागदावर असावं.

ठिकाण: याच घराची पुढची खोली.
दिनांक: आजचा, शनिवार, सकाळ.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिल्या, डॉक्टर: सरांनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना दोनदा तपासलं आहे. दुसऱ्यांदा नीट तपासलं. (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: दादाने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीवर आहे. मी अर्ज दिला तेव्हाही होता. (सही)