छत्री मिटणारी खरी बाई

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा तसबिरींच्या चौकटी करण्याचा, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचेही दडपण नाही. बायकोचे तर नाहीच, तिला याचा पत्ताच नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर बायकोचे. भिंतीवरच्या चित्रांतल्या जपानी बायका उतरवायची तिला मुभा आहे. "या नटव्यांना कपाट आणि माझे कपडे ट्रंकेत," असे तिने चाळीस वर्षे ऐकवले, आणि ते खरेच होते.

२. लाकडी ठशांवरून छापलेली ती एकतीस चित्रे मुलीची. उन्हात लावू नयेत, किमोनोचा जांभळा रंग आधी उडतो. दुकान आणि हत्यारेही तिचीच. मेव्हण्याने 'दोन दिवसांसाठी' नेलेला काच कापायचा हिरा मात्र तिने मागायला जाऊ नये. त्यालाच लाज वाटू दे.

३. बत्तिसावे चित्र, छत्री मिटणारी बाई, माझे नाही. ते माझ्या दंतवैद्य मित्राचे आहे. बावीस वर्षांपूर्वी त्याने ते चौकटीसाठी दिले. पहिल्या छपाईची प्रत, मानेवरचा केस न् केस सुटा. माझ्याकडेही तेच चित्र होते, पण झिजलेल्या ठशांवरून पुढे कधीतरी काढलेले. माझी नियत फिरली. माझ्या प्रतीच्या कडेवर नंतरच्या छपाईचा शिक्का होता, तेवढी कड कापली, ती प्रत त्याच्या चौकटीत बसवली आणि पाठ कागदाने बंद केली. "काचेमुळे जरा मंद दिसते," तो म्हणाला. मी मान डोलावली. एका पाहुण्याला मागची बाजू बघायची होती, तर मित्राने त्यालाच झापले, "यानं बसवलेली चौकट उघडायची नसते."

आता त्याची नजर जात चालली आहे. डॉक्टर म्हणतात, जेमतेम वर्षभर टिकेल. मला मात्र मरायची काही लक्षणे नाहीत. तीनदा चित्र गुंडाळून त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मला धीर होत नाही. म्हणून माझ्यामागे मुलीने त्याच दिवशी ते त्याच्या हातात द्यावे, बाकीचे विधी नंतर.

४. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले. साक्षीदार हवेत हे ऐकून काल मित्र स्वतःचे पेन घेऊन आला होता. मी नको म्हणालो. त्याने पेन परत खिशाला लावले. मग म्हणाला, "डोळ्यांमुळे ना? सही वाकडी येईल म्हणून?"

मी हो म्हणालो.

लिहून ठेवणार: चौकटवाला (सही)
साक्षीदार: १. शेजारचा घड्याळजी (सही) २. वकीलबाईंचा टंकलेखक (सही)
ठिकाण: दुकानाचा माळा
दिनांक: १७ मार्च, दुपारी