डाव्या बाहीचं अपील

मेहकर, ३ फेब्रुवारी १९४६
बायको सोजराचा खोकला? उतरला. शेजारच्या झुंबरबाईची दाढ? ठणकतेच आहे. माझे गुडघे? कुरकुरतात, पण चालवतात. मशीन? तेल प्यायली, खूश! राहिला शकूर पिंजाऱ्याचा हात — त्याची विचारपूस सरकारनं केली! ब्रह्मदेशात फौजेची लारी उलटली, हाड वाकडं जुळलं, डावा हात आखूड झाला. आणि कागद काय आला? हात भरतीआधीपासूनच आखूड, पेन्शन नामंजूर! आता तो हात पिंजणाला पुरत नाही. कापूस पिंजायचा कसा?

शकूर म्हणे, “काका, मले तं काहीच सुचून नाही राह्यलं.”

म्हटलं, अपील करू! भरतीआधी तुझ्या लग्नाचा कुर्ता मीच शिवला. माझ्या वहीत दोन्ही हातांचं माप सापडेल!

४ फेब्रुवारी
वही उघडली. बाही — साडेतेवीस. एकच! अरे, कोणता शिंपी दोन्ही बाह्या मोजतो? सोजरा पोट धरून हसली — “चाळीस वर्सं शिवून राह्यले, न् अर्ध्याच माणसाचं माप!”

५ फेब्रुवारी
सुचलं! कुर्ताच नेऊ! शकूरच्या नजमुन्निसानं तो पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात जपलाय. हातातून सोडेना. “निकाहचा हाय, काका. वापस आणसान नं?”

“हाव पोरी!” बोलून गेलो.

नागपूर, १२ मार्च
अपिलाच्या कोर्टात तीन साहेब — एक कायद्याचा, एक फौजी, एक डॉक्टर. शकूरनं कुर्ता घातला. उजवा हात मनगटापर्यंत बाहेर; डाव्याची नुसती बोटं डोकावतात!

डॉक्टर म्हणे, दोन्ही हात सारखे कोणाचे असतात?

म्हटलं, “खरं हाय साहेब. अर्धा इंच देवाचा. पण हे तीन इंच लारीचे! तीन इंच लोंबती बाही घालून कोनी निकाहाले बसते काय?”

कायद्याचे साहेब — कुर्ता तोच कशावरून? वही पुढं सरकवली. तारखेखाली त्याच कापडाची चिंधी टाचलेली! फौजी साहेबांनी ती बाहीला लावून पाहिली, मिशीत हसले. मी नाचायचाच राहिलो! कुर्ता निकालापर्यंत ठेवून घेतला.

मेहकर, २ एप्रिल
मंजूर!!! सोजरानं शिरा केला. शकूर रडतो, हसतो, पुन्हा शिरा मागतो.

३ एप्रिल
इंग्रजी कागदाची शेवटची ओळ आज शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली — कुर्ता पुरावा म्हणून दप्तरी कायम जमा. नजमुन्निसा दारात उभी — “पेन्शन घ्या म्हना वापस. माझा कुर्ता द्या.”

दुकान बंद केलं. दुसरं अपील लिहायला बसलोय. साहेब, पोरीला शब्द दिलाय. जबाब लवकर धाडा.