फ्रिजमधली बाटली

५ जानेवारी, रविवार
श्रीनाथचा डावा हात पुन्हा सुजला! दोन महिन्यांत तिसरं गळू. डॉक्टरांनी चिरून पू काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "परत आलात तर हात ठेवायचा की नाही ते ठरवावं लागेल." मी मान डोलावली.

पेडण्यातल्या केंद्रात मी हेच शिकवते – नशा टोचून घेणाऱ्याने निदान मरू नये म्हणून काय काय करायचं. नव्या सुया देते, जुन्या परत घेते. तिथे सगळे मला मॅडम म्हणतात. घरी माझाच धाकटा भाऊ, हा श्रीनाथ.

६ जानेवारी, सोमवार
तो मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. रोज मोरजीला जाऊन पावडर आणायला सवड नाही, म्हणून आठवड्याची एकदम आणतो. सोमवारी सकाळी सगळी विरघळवतो, बाटली फ्रिजमध्ये, कोकमसोलांच्या बरणीमागे. घेतो मात्र संध्याकाळी, गाडी लावल्यावर. याबाबतीत भाऊ शिस्तीचा.

आज बसवून सांगितलं. विरघळवून ठेवलेलं पाणी म्हणजे जंतूंची खानावळ. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, सुस्तावतात. स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ असतं असं नाही. लागेल तेवढंच त्या वेळी कर, उरलेलं ओतून दे.

"ओतू? ताय, तू पगार ओततंस?"

शेवटी तडजोड. केंद्रातल्या बंद कुपीतलं पाणी, नवी बाटली, दर वेळी नवी सुई. साठवणं बंद नाहीच. माझा निम्मा पराभव.

आईला त्याने सांगितलंय की ते साखरेचं औषध आहे. आई त्याच्या चहात दोन चमचे साखर घालते.

९ जानेवारी, गुरुवार
हाताची सूज उतरतेय. पाववाला पोदेर आला नाही, उंडे नाहीत. बाकी काही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. श्रीनाथला एकशे दोन ताप, दंडावर नवी गाठ. मी खूप ओरडले. खोटारडा म्हणाले, नळाचं पाणी वापरतोस म्हणाले.

"तुझी शप्पत ताय, तुझाच पाणी वापरतंय! आणि माल पातळ झालो हल्ली. जास्त घेवचो लागता."

त्याच्या तापातही मी मॅडम झालेच. "माल बदलला की कमीपासून सुरू करायचं. नवा माल आला आणि जुनंच माप घेतलंस की संपलास!" केंद्रातल्या तक्त्यावर हे वाक्य लाल अक्षरांत आहे. तक्ता मीच लिहिला.

आईने आम्हा दोघांना तीळगूळ दिला. गोड कोणी बोललं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
श्रीनाथ नशेऐवजी गोळ्या घ्यायला तयार झाला!! स्वतःहून! १ फेब्रुवारीपासून केंद्रात रोज येऊन समोर गोळी घ्यायची, टोचणं बंद. सगुणने त्याचं नाव लिहून घेतलं. सगुण आमचा समुपदेशक, कधी हसत नाही – आज हसला.

म्हणजे पंधरा दिवस काढायचेत. हातासकट.

त्याला सांगितलं, घेताना खोलीची कडी घालू नकोस, बेशुद्ध पडलास तर आत येता यायला हवं. "बरां," म्हणाला. एवढा शहाणपणा बघून मलाच भीती वाटली.

२० जानेवारी, सोमवार
रजा घेऊन घरी थांबले. त्याने बाटली कशी भरली ते समोर उभं राहून पाहिलं. एक चूक नाही! मी त्याला उगाच खोटारडा म्हणाले. तो ड्युटीवर गेला.

अकराला आई देवळातून आली. दर सोमवारी तांब्याच्या गडूतून तीर्थ आणते, त्यात तुळशीची पानं. मला वाटलं देवघरात जाईल. ती फ्रिजकडे गेली. सोलांची बरणी बाजूला केली, त्याची बाटली काढली, निम्मी मोरीत ओतली आणि गडूतल्या तीर्थाने काठोकाठ भरली. सरावाचा हात.

"आई!!"

दचकली नाही. "साखरेचा औषध," म्हणाली. "माका काय कळणा नाय? थोडा थोडा पातळ केला तर आपोआप सुटात, असा वाटला."

"अगो, हे शिरेत जातं त्याच्या! गळवं यानेच होतात!"

"देवाचा तीर्थ ता. ता कसा खराब होतला?"

मग मी सांगितलं. तांब्यातलं पाणी, पानं, किती हात, किती जंतू. ऐकता ऐकता ती खाली बसली. चार गळवं तिने बोटांवर मोजली. मला तिला मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

"परत नाय घालूचंय. पण त्येका सांगू नको, बाये. माज्या हातचा पाणी पण पिवचो नाय."

नाही सांगणार, म्हणाले. बाटली ओतली. श्रीनाथला सांगितलं, माझ्या हातून फुटली.

२१ जानेवारी, मंगळवार
त्याने दुसरी पावडर आणली, त्याच माणसाकडून, त्याच मालातली. कुपीतलं पाणी, उकळलेली बाटली. आईने फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्यांदाच सगळं शुद्ध! अकरा दिवस राहिले. आज निवांत झोपेन.

२३ जानेवारी, गुरुवार
बाटलीत एक जंतू नसेल. पातळही नव्हती. ते त्याला कोणी सांगितलंच नाही – आईने नाही, मॅडमनेही नाही. त्याने हल्लीचं वाढवलेलं माप घेतलं. कडी घातली नव्हती. झोपमोड नको म्हणून आईने दार ओढून घेतलं.

भटाने त्याच्या तोंडात घालायला तीर्थ मागितलं. आई गडूला हात लावेना. मी घातलं.